जागा आधी, आवाज मागाहून

संस्कृतचा पहिला तक्ता पाठ करताना मराठी मूल अडखळते ते 'देवौ'पाशी. एक देव समजतो, पुष्कळ देव समजतात. मध्येच दोघांसाठी वेगळी खोली कशाला, हे समजत नाही. मास्तर 'पाठ करा' म्हणतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. पण तो मिटू देण्याजोगा नाही. 'देवाः' हे अनेकवचन आणि मराठीतले 'घोडे' हेही अनेकवचन, असे व्याकरणाचे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात मराठीचे अनेकवचन दोनापासून सुरू होते आणि संस्कृतचे तिनापासून. माणसाचे दोन डोळे, दोन हात, नांगराचे दोन बैल संस्कृतात अनेकवचनात घालून चालत नाहीत. दोन्ही भाषांत रूपाचे नाव एक आहे, मोल मात्र वेगळे. आणि ते वेगळे का, याचे कारण त्या रूपात कुठेच सापडत नाही. ते शेजारी सापडते. संस्कृतात पलीकडच्या खोलीत द्विवचन राहते, मराठीत ती खोली पाडून दोघांची जागा एक केलेली आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठात फेर्दिनां द सोस्यूर हा संस्कृतचा प्राध्यापक 'मूल्य' ही आपली कल्पना समजावून देताना हेच उदाहरण घेई, फक्त मराठीच्या जागी फ्रेंच ठेवून. उदाहरण संस्कृतचे निघावे हा योगायोग नव्हता. संरचनावादी भाषाविज्ञान म्हणून विसाव्या शतकात जे गाजले, त्याचा जन्म संस्कृत धातूंच्या हिशेबात झाला आणि अर्थाबद्दलचा त्याचा सगळा विचार त्या हिशेबातूनच वाढला, हे इथे दाखवायचे आहे.

हा इतिहास एरवी वेगळ्या टोकाकडून सांगितला जातो. सोस्यूरने १९०७, १९०८-०९ आणि १९१०-११ अशी तीन वेळा सामान्य भाषाविज्ञानावर व्याख्याने दिली. २२ फेब्रुवारी १९१३ रोजी तो वारला. शार्ल बाली आणि आल्बेर सेशये या दोघा सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून १९१६ साली त्यांचे पुस्तक केले. त्या दोघांपैकी एकही जण त्या वर्गाला बसलेला नव्हता, ही त्यातली मासलेवाईक गोष्ट. मग पुस्तकातल्या कल्पनांची यादी येते. चिन्हाला दोन अंगे असतात, ऐकू येणारे रूप म्हणजे चिन्हक आणि मनात उमटणारी कल्पना म्हणजे चिन्हित; दोहोंची गाठ यादृच्छिक असते; बोलणे वेगळे आणि ज्या व्यवस्थेच्या बळावर आपण बोलतो ती भाषा वेगळी; भाषेचा आजचा छेद घ्यावा, तिच्या बदलांची कहाणी त्यात मिसळू नये. अभ्यासक्रमात हे सारे याच क्रमाने येते आणि विद्यार्थ्याची समजूत होते, की झाडाला 'झाड' म्हणण्यामागे झाडाचे काही कारण नाही हा सोस्यूरचा शोध. तो शोध नव्हेच. शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने जडतो असे नैयायिक शतकानुशतके सांगत आले होते आणि तो नित्य मानणाऱ्या मीमांसकांशी भांडत आले होते. पाश्चात्त्य जगात अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी याने १८७५ च्या आपल्या पुस्तकात हीच गोष्ट स्वच्छ लिहिली होती आणि सोस्यूरने व्हिटनीचे ऋण मानलेही आहे. यादृच्छिकता हे सोस्यूरचे जोते. त्यावर त्याने चढवलेली नवी इमारत म्हणजे मूल्य: शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, त्याच्या भोवतालच्या शब्दांनी सोडलेल्या जागेत असतो. ही कल्पना त्याला वर्गात उभे राहून सुचलेली नाही. तिची कसोटी त्याने एकविसाव्या वर्षी घेतली होती.

१८७८ च्या डिसेंबरात लाइपझिगला एक जाडजूड प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यावर साल १८७९ छापलेले आहे आणि विषय आहे इंडो-युरोपीय भाषांतल्या मूळ स्वरांची व्यवस्था. शीर्षकातला 'व्यवस्था' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. लेखक होता तिथे शिकायला आलेला जिनिव्हाचा तरुण सोस्यूर. प्रबंध सगळा उलगडण्याची गरज नाही, त्यातला एक धागा पुरेसा आहे आणि तो संस्कृत जाणणाऱ्या कुणालाही हाताळता येईल. पाणिनीच्या परंपरेत धातूंचे दहा गण आहेत. सातव्या गणातला 'युज्' घ्या: 'युनक्ति', म्हणजे जोडतो. इथे 'यु' आणि 'ज्' यांच्या मध्ये 'न' शिरला आहे. पाचव्या गणाप्रमाणे चालणारा 'श्रु' घ्या: 'शृणोति'. नवव्या गणातला 'पू' घ्या: 'पुनाति', म्हणजे शुद्ध करतो. परंपरेने या तिघांना तीन वेगळे विकरण दिले: एकाला 'न' पोटात, दुसऱ्याला 'नु' शेवटी, तिसऱ्याला 'ना' शेवटी. सोस्यूरने विचारले, हे तीन प्रकार कशावरून? 'यु-न-ज्' असे पहिले रूप फुटते. 'शृ-न-उ' असे दुसरे फोडले तर 'न' आणि 'उ' मिळून 'नो' होतो, म्हणजे इथेही 'न' धातूच्या शेवटच्या घटकाआधीच शिरला आहे. मग 'पुना'मध्येही तसेच असले पाहिजे: 'पु-न-', आणि त्यापुढे काहीतरी, जे 'न'मधल्या स्वराला मिळून त्याचा 'ना' झाला. ते काहीतरी काय, हे संस्कृतात दिसत नाही. ग्रीकमध्ये दिसत नाही, लॅटिनमध्येही नाही. सोस्यूरने त्या जागेला नुसते एक अक्षर दिले आणि हिशेब पुढे चालवला.

हिशेब असा जुळला की आजही वाचताना मजा वाटते. पाणिनीच्या व्याकरणात काही धातू 'सेट्' आणि काही 'अनिट्' आहेत. सेट् धातूला प्रत्ययाआधी एक 'इ' येऊन चिकटतो. 'पू'चे 'पवितुम्' होते, 'श्रु'चे मात्र 'श्रोतुम्', 'युज्'चे 'योक्तुम्'. हा 'इ' कुठून येतो? परंपरा त्याला आगम म्हणते, म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा. सोस्यूरच्या हिशेबात तो पाहुणा नाही, घरचाच माणूस आहे. 'पुनाति'त ज्याने 'ना' लांबवला, तोच अदृश्य घटक 'पवितुम्'मध्ये दोन व्यंजनांच्या मध्ये सापडून 'इ'च्या वेषात उरला आहे. आणि 'पूत' या रूपात 'उ'ला मिळून त्याने 'ऊ' केला आहे. 'श्रुत'मधला 'उ' ऱ्हस्व आणि 'पूत'मधला 'ऊ' दीर्घ का, हा शाळेत कुणी न विचारलेला प्रश्न इथे आपोआप सुटतो. तीन ठिकाणी तीन चमत्कार मानण्याऐवजी एकच घटक मानला की पुरे. पण हा घटक उच्चारात कसा होता? सोस्यूरला ते सांगता आले नाही आणि त्याला ते सांगण्याची गरजही भासली नाही. तो कुठे बसतो, कुणाच्या शेजारी आला की काय करतो, कुणापासून वेगळा ठेवावा लागतो, एवढ्यावर त्याची ओळख पुरी होत होती. जागा पक्की होती, आवाज अज्ञात होता. जुन्या पठडीतल्या विद्वानांनी या प्रकाराकडे नाके मुरडली, कारण ज्याचा एकही नमुना कुठल्या भाषेत उरलेला नाही असा ध्वनी मानणे त्यांना अंकगणिताचा खेळ वाटला.

याला उत्तर मातीतून निघाले. १९०६ पासून तुर्कस्तानात अंकाऱ्याच्या पूर्वेला बोगाझक्योय या गावी उत्खनन चालले होते आणि तिथे मातीच्या भाजलेल्या विटांवर कीलाक्षरांत लिहिलेले दप्तरच्या दप्तर सापडले. ती भाषा हित्तीची. १९१५ मध्ये बेद्रिख हरोझ्नी या चेक पंडिताने दाखवले की हित्ती ही संस्कृत-ग्रीकच्याच कुळातली. त्या भाषेत पाण्याला 'वातर' म्हणत, आणि इंग्रजी कानाला त्यातली ओळख पटायला पंडिताची गरज नाही. १९२७ मध्ये येझी कुरिवोविच या पोलिश अभ्यासकाने पुढचे पाऊल टाकले. हित्तीत 'ह' म्हणून लिप्यंतरित होणारा, घशातून घासून निघणारा एक ध्वनी आहे. तो ज्या शब्दांत येतो ते शब्द त्याने इतर भाषांतल्या भावंडांशेजारी मांडले. संस्कृतात 'अस्थि', हित्तीत 'हस्ताइ'. संस्कृतात 'अन्ति' म्हणजे समोर, जवळ, हित्तीत 'हन्ति'. संस्कृतात रक्षण करणे या अर्थी दीर्घ स्वराचा 'पा', हित्तीत 'पह्स'. सोस्यूरने जिथे रिकामे अक्षर मांडले होते, नेमक्या तिथे हित्तीचा लेखनिक तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी 'ह' कोरून गेला होता. सोस्यूर जाऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. इथे हातचे राखून बोलायला हवे. हिशेबातल्या प्रत्येक जागी हित्तीत 'ह' सापडला असे नाही, काही जागा तिथेही रिकाम्याच आहेत. शिवाय सोस्यूरची कल्पना होती की तो घटक स्वरासारखा असावा. निघाला तो व्यंजन. पण ही दुसरी चूक आपल्या मुद्द्याला बळकटीच देते. ध्वनीचा रंग ओळखण्यात तो चुकला आणि तरीही त्याची जागा त्याने बरोबर सांगितली. भाषेतला घटक त्याच्या अंगच्या गुणांवाचून, नुसत्या संबंधांवरून ओळखता येतो, याचा याहून बरा पुरावा मिळणे कठीण.

यावर एक रास्त आक्षेप असा, की ही सारी ध्वनींची आणि तीही मेलेल्या ध्वनींची गोष्ट झाली. अर्थाचा यात संबंध काय? शिवाय प्रबंध ऐतिहासिक आहे आणि जिनिव्हाची व्याख्याने तर इतिहास बाजूला ठेवा म्हणून सांगतात; दोन्हींना एका दोरीत ओवणे म्हणजे मागाहून जुळवलेली कहाणी नाही का? सोस्यूरने स्वतः हा धागा कुठे उलगडून दाखवलेला नाही हे खरे. त्याने आयुष्यात फार थोडे छापले. विद्यार्थ्यांच्या मूळ वह्यांचा नीट अभ्यास १९५७ नंतर सुरू झाला आणि त्याच्या हातची सामान्य भाषाविज्ञानावरची टिपणे जिनिव्हातल्या घराच्या आवारात थेट १९९६ मध्ये सापडली. पण विचाराची रीत पाहावी. घटक आधी आणि संबंध मागून, हा सर्वांचा रोजचा समज. प्रबंधात तो उलटा झाला: संबंध आधी, घटक मागून. मूल्याच्या सिद्धांतात तोच उलटेपणा ध्वनीवरून शब्दावर आणि शब्दावरून अर्थावर नेला आहे. इतिहास वगळा असे तो म्हणतो, तेही इतिहासाच्या तिरस्काराने नव्हे. व्यवस्था कुठल्याही एका क्षणी पूर्ण असावी लागते, तरच तिच्यातली रिकामी जागा रिकामी म्हणून दिसते, म्हणून.

ध्वनीपासून अर्थापर्यंतचे हे अंतर किती थोडे आहे ते मराठीत 'ळ'वरून दिसते. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ईळे' आहे, पुढच्याच ऋचेत 'ईड्य' आहे. धातू एकच, 'ईड्'. दोन स्वरांच्या मध्ये 'ड' आला की ऋग्वेदाच्या पठणात त्याचा 'ळ' होतो, इतर ठिकाणी 'ड'च राहतो. हा नियम प्रातिशाख्यात नोंदलेला आहे. म्हणजे ऋग्वेदाच्या भाषेत 'ळ' ऐकू येतो, पण काही सांगत नाही. तो 'ड'चाच घरातला पोशाख. मराठीत हाच आवाज येतो आणि 'काल'चा 'काळ' होतो, 'मूल'चे 'मूळ', 'वेल'ची 'वेळ'. जीभ तीच वळते, टाळूला तिथेच लागते. ध्वनिशास्त्राच्या यंत्राला दोन्हींत फारसा फरक दिसणार नाही. तरी एका भाषेत तो अर्थावर राज्य करतो आणि दुसरीत त्याला अर्थाच्या दारात प्रवेश नाही. ज्या ध्वनिभेदाने शब्द बदलतो तो स्वनिमांचा भेद, ज्याने बदलत नाही तो नुसता उच्चाराचा, ही जी पुढे प्राग शहरातल्या त्रुबेत्स्कोय आणि याकोबसन यांच्या मंडळींनी शास्त्राला चढवलेली विभागणी, तिच्यात एवढेच आहे. हिंदीभाषक माणूस 'काळ'ला 'काल' म्हणतो तेव्हा त्याचा कान अधू नसतो. त्याच्या भाषेने त्या ठिकाणी भिंत बांधलेली नसते.

अर्थाच्या बाजूलाही हीच बांधणी आहे. दारात पाहुणा उभा आहे आणि घरातला माणूस म्हणतो, 'चला, आपण जेवायला बसू.' पाहुण्याचे पान मांडले गेले. तोच माणूस म्हणाला, 'आम्ही जेवायला बसतो,' तर पाहुण्याने चपला पायात सरकवायच्या. हिंदीत दोन्हीकडे 'हम'. म्हणून शब्दकोशात 'हम म्हणजे आम्ही' असे लिहिलेले असते ते व्यवहारापुरते ठीक, पण खरे नाही, कारण मराठी 'आम्ही'च्या अर्थातला मोठा भाग 'तुम्ही नव्हे' हा आहे आणि तो भाग शेजारच्या 'आपण'ने त्याच्यावर लादलेला आहे. उद्या मराठीतून 'आपण' नाहीसे झाले, तर 'आम्ही'च्या उच्चारात काडीचाही बदल न होता त्याचा अर्थ फुगेल. (त्यातून 'आपण बसावे' असे म्हणताना हेच 'आपण' ऐकणाऱ्याला आदराने एकट्याला पुढे करते, तो आणखी एक शेजार.) जगात वस्तू आधीच कापून ठेवलेल्या आहेत आणि भाषा त्यांना चिठ्ठ्या चिकटवते, असा जो आपला साधा समज आहे, तो 'आम्ही-आपण'पाशी टिकत नाही. माणसे तीच आहेत, खोली तीच आहे. कुणाला आत घ्यायचे याची रेघ भाषेने ओढली आहे. सोस्यूर म्हणे की भाषेत फक्त भेद असतात, तेव्हा त्याला हे म्हणायचे होते.

आता सर्वांत जुना आणि आपल्याकडचा आक्षेप. हे सारे भारतीयांना ठाऊक होते, मग जिनिव्हाचे कौतुक कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हाती पुरावे अगदीच पोकळ नाहीत. पाणिनीचा 'लोप' म्हणजे काही नसण्यालाही व्याकरणात जागा देणे. आणि सोस्यूरही सांगतो की चिन्हाला प्रत्यक्ष ध्वनी लागतोच असे नाही, काही असणे आणि काही नसणे एवढ्या भेदावर भाषेचे भागते. मराठीत 'एक दगड, दोन दगड' म्हणताना अनेकवचनाचा प्रत्यय कुठेच नसतो, तरी 'घोडा-घोडे'च्या शेजारामुळे ती जागा आपल्याला रिकामी म्हणून जाणवते. याहून जवळचे साम्य दिङ्नागाचे. पाचव्या-सहाव्या शतकातल्या या बौद्ध नैयायिकाने अपोहवाद मांडला: 'गाय' हा शब्द कुठलेही गोत्व दाखवत नाही, तो गाय नसलेल्या सगळ्यांना वगळतो. वाक्य सोस्यूरच्या वर्गात खपून गेले असते. पण दोघांचे प्रश्न निराळे होते. दिङ्नागाला ज्ञानाचा प्रश्न होता: सामान्य नावाची वस्तू जगात नसेल तर शब्द कशाला पकडतो? एका भाषेतल्या शब्दांची परस्परांत कशी आखणी असते आणि दुसऱ्या भाषेत ती कशी बदलते, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. सोस्यूर संस्कृत जवळजवळ दरवर्षी शिकवत होता, संस्कृतातल्या सति षष्ठीच्या प्रयोगावर त्याने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता. तरी त्याने अपोहवाद उचलला असे दाखवणारा पुरावा नाही. दोन वेगळ्या विहिरी एका झऱ्याला लागाव्यात, तसे हे झाले. आणि मला वाटते, भारतीय परंपरेचा खरा उपयोग 'आमचे आधी' हे सिद्ध करण्यात नाही. तिथे या विचारावरचा सर्वांत कडक आक्षेपही तयार आहे, त्यात आहे.

तो आक्षेप सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाचा. गाय कळायला 'अगाय' कळली पाहिजे, आणि 'अगाय' कळायला आधी गाय कळली पाहिजे. मग सुरुवात कुठून? प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या खांद्यावर बसला असेल तर जमिनीवर पाय कुणाचे आहेत? संरचनावादावर विसाव्या शतकात घेतलेले अनेक आक्षेप याच एका प्रश्नाचे निरनिराळे वेष आहेत. बौद्धांच्या बाजूने अकराव्या शतकात रत्नकीर्तीने दिलेले उत्तर असे, की शब्द ऐकताना वगळणे आणि ओळखणे ही दोन कामे पाठोपाठ होत नाहीत. जे ओळखले जाते ते वगळण्यासकटच ओळखले जाते. सोस्यूरनेही जवळपास हीच वाट काढलेली दिसते: चिन्हक एकटे घेतले तर नुसता भेद, चिन्हित एकटे घेतले तर नुसता भेद, पण दोहोंची गाठ पडून जे चिन्ह होते ते होकारार्थी, हाती धरता येण्यासारखे असते. उरला प्रश्न मुलाचा. मूल शब्दांची रास एकेक दाणा वेचून करत असते, तर कुमारिलाचा फास सुटला नसता. पण याकोबसनने १९४१ मध्ये बालभाषेवर लिहिताना दाखवले की मूल मोठ्या ढोबळ भेदापासून सुरू करते, ओठ मिटून काढलेला 'प' आणि तोंड उघडून सोडलेला 'आ', आणि मग त्याच भेदांना फोडत जाते. आधी एकच मोठी खोली, मग तिच्यात पडदे. शब्दांचेही असेच. दिसेल त्या चार पायांच्या जनावराला 'भूभू' म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी 'माऊ' आले की 'भूभू' आपोआप आखडतो, त्याला कुणी हात न लावता.

'कडकड', 'सळसळ', 'खळखळ' हे शब्द यादृच्छिक कसे, असे मराठी माणूस विचारणारच, कारण अशा शब्दांची मराठीइतकी चैन थोड्या भाषांना परवडते. पण कोंबडा महाराष्ट्रात 'कुकूच कू' करतो आणि फ्रान्समध्ये 'कोकोरिको', आणि दोन्हीकडचा कोंबडा एकच. निसर्गाची नक्कलसुद्धा आपापल्या भाषेच्या ध्वनींतच करावी लागते. यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

हा विचार महाराष्ट्रात आला तो दोन वाटांनी, आणि वाटांमधल्या फरकामुळे त्याचे रूपही बदलले. पहिली वाट पॅरिसची. सोस्यूर १८८१ ते १८९१ तिथे शिकवत होता. त्याचा विद्यार्थी आंत्वान मेये. मेयेचा विद्यार्थी झ्यूल ब्लोक. या ब्लोकने मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. ना. गो. कालेलकर पॅरिसला शिकून आले आणि 'ध्वनिविचार'सारख्या पुस्तकांतून हा विषय त्यांनी सरळ, घरगुती मराठीत मांडला. दुसरी वाट अमेरिकेची. लेनर्ड ब्लूमफील्डने १९३३ च्या आपल्या ग्रंथातून तिथल्या भाषाविज्ञानाला वळण लावले. तो पाणिनीचा मोठा चाहता, पण अर्थाविषयी सावध. अर्थ नेमका सांगायचा तर जगाचे सगळे शास्त्र हाताशी पाहिजे, मिठाचा अर्थ सोडियम क्लोराइड म्हटल्यावरच नेमका होतो, तेव्हा भाषाशास्त्राने त्या भानगडीत शक्यतो पडू नये, असा त्याचा कल. सोस्यूर वाचलेल्याला यातली चूक लगेच दिसते: सोडियम क्लोराइड हे मिठाचे द्रव्य झाले, मूल्य नव्हे. 'खाल्ल्या मिठाला जागणे' रसायनशाळेत कळत नाही. १९५० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने भाषाविज्ञानाची प्रशिक्षणसत्रे भरली, अमेरिकन अध्यापक आले, देशभरातले तरुण अभ्यासक तिथे तयार झाले. हाती आले ते ब्लूमफील्डच्या वळणाचे कसब: भाषकासमोर बसा, शब्द टिपा, एका ध्वनीने बदलणाऱ्या जोड्या काढा, स्वनिमांची यादी करा. कसब उत्तम होते. अर्थाची अर्धी बाजू मात्र बोटीत चढलीच नाही. पुढे कित्येक वर्षे आपल्याकडे संरचनावादी भाषाविज्ञान म्हणजे स्वनिमांच्या आणि प्रत्ययांच्या याद्या, असे समीकरण राहिले त्याचे कारण, माझ्या मते, हे. साहित्याच्या समीक्षेत संरचनावाद नंतर आला तेव्हा तो परका, फ्रेंच, अवघड वाटला. त्याच्या मुळाशी 'पुनाति'चा हिशेब आहे हे कुणी सांगितले नाही.

डेक्कन कॉलेजच्या त्याच आवारात १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम चालू होते. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक शब्द आणि तो जिथे आला ते स्थळ, कपाटाच्या खणांत वर्णानुक्रमाने लावलेल्या. इकडे प्रत्येक शब्दाची वेगळी जन्मपत्रिका, तिकडे एकट्या शब्दाला पत्रिकाच नसते असे शिकवणारे वर्ग. एका कुंपणात दोन धर्म नांदले आणि भांडण झाल्याचे दिसत नाही. कत्रे यांनी पुढे 'अष्टाध्यायी'चा इंग्रजी अनुवाद केला, तो १९८७ मध्ये अमेरिकेत छापला गेला. आणि अशोक केळकर १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून मराठीच्या स्वनिम-रूपव्यवस्थेवर डॉक्टरेट घेऊन आले, १९६२ मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि अर्थाची ती राहिलेली बाजू त्यांनी मराठीत लिहिलेल्या समीक्षेतून पुष्कळ अंशी भरून काढली.

मराठीच्या स्वनिमांची यादी करताना हमखास अडवणारे अक्षर 'च'. आपण ते दोन तऱ्हांनी उच्चारतो, 'चिंच'मधला टाळूला लागणारा आणि 'चमचा'मधला दाताशी फुटणारा. 'इ' आणि 'ए' यांच्यापुढे निवड नसते: 'माझा' म्हणताना दाताशी असलेला 'झ' 'माझी'त निमूट टाळूकडे जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. इतर स्वरांपुढे मात्र दोन्ही येतात आणि तिथे अर्थाचा सौदा होतो. 'जरा थांब'मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा'. संख्येतला 'चार' आणि गुरे चारायला सांगतानाचा 'चार'. कानाला दोन स्वनिम, कागदावर एक अक्षर. नुक्त्याने वेगळे दाखवावे अशा सूचना होत असतात आणि मराठी लेखन त्यांना दाद देत नाही, कारण त्याला अडत नाही. 'गाय चार' असे लिहिले की वाचणारा दातांशी उच्चारतो आणि दावे सोडायला उठतो. 'चार गाई' लिहिले की टाळूशी उच्चारतो आणि मोजू लागतो.